मांडीतले हात

"हात कुठं?"

तुळशीनं विचारायचा अवकाश, कमूनं दोन्ही हात मांडीत घेतले, वरून ओढणी ओढली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली. तुळशीला बरं वाटलं. गेले कित्येक दिवस तिनं या एकाच गोष्टीचा धोशा लावला होता. पोरगी बोलत नाही तर नाही, तोंडाकडे बघत नाही तर नाही, पण मोठ्या माणसांसमोर नीट बसली पाहिजे. कुणाच्या वस्तूला तिचा हात लागता कामा नये.

जव्हारच्या एका शाळेच्या सभागृहात दिव्यांगांच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं. पाड्यापाड्यांवरून आलेली माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती. कुणाच्या काखेत कुबडी, कुणाच्या मांडीवर मान न धरणारं पोर. दारापाशी एक माणूस माइकवरून नावं पुकारत होता आणि त्यानं तोंड उघडलं की आधी माइक शिट्टी मारायचा. शिट्टी झाली की कमूचे खांदे कानांपर्यंत वर जायचे आणि तिच्या घशातून बारीक हुंकार निघू लागायचा. हा हुंकार वाढला तर त्याची किंकाळी होते हे तिला ठाऊक होतं. आणि इथं किंकाळी झाली, तर पोरीला तपासायच्या भानगडीत कोणी पडणार नाही, नुसतं बघूनच येडी म्हणून लिहून टाकतील.

"गप, बाय. गप. झाला आता," ती पुटपुटत होती. कमूच्या पाठीवर तिनं तळहात गच्च दाबून धरला होता. हलका हात कमूला सोसत नसे, जोरानं दाबला की निवायची. हे तुळशीला कोणी शिकवलेलं नव्हतं, बारा वर्षांत तिचं तिलाच सापडलं होतं.

बारा वर्षांतली बहुतेक वर्षं कमूला पाड्यावर येडी म्हणत. मग गोकुळ सर आले. गोकुळ सर म्हणजे मोटरसायकलवरून पाडे पालथे घालून अशा मुलांना शिकवणारे मास्तर. मोखाड्याकडच्याच शेतकरी घरातले, त्यामुळे त्यांना पाड्यावरची बोली समजायची आणि पाड्यावरचा काळा चहाही चालायचा. कमू येडी नाही, स्वमग्न आहे, असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.

"म्हंजे काय?" कमूच्या बापानं, गोमानं, विचारलं होतं.

"म्हणजे ती आपल्यातच असते. आवाज, गर्दी, अंगावरचं कापड, सगळं तिला आपल्यापेक्षा जास्त बोचतं. म्हणून ती बोलत नाही, नजरेला नजर देत नाही."

"ता जाऊ दे. डोका हाय का नाय तिला, ता सांग."

सर जरा घुटमळले होते. "ते वेगळं, गोमादादा. स्वमग्न असणं वेगळं आणि बुद्धी कमी असणं वेगळं. कुणात दोन्ही असतं, कुणात एकच. वरून बघून सांगता येत नाही. तपासावं लागतं."

तुळशीनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला होता. दार लावलेलं घर. आत सामान आहे की नुसती सारवलेली जमीन, ते बाहेरून कसं कळणार? तिची स्वतःची खात्री होती की घर भरलेलं आहे. पण आईच्या खात्रीला बाजारात काय किंमत, सगळ्याच आयांना आपलं पोर हुशार वाटतं.

आज सगळं त्या तपासणीवर अडलं होतं. दिवाळी सरली होती. परवा मुकादमाचा ट्रक पाड्यावर लागणार होता. ट्रक लागला की घरंच्या घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची, ती पाऊस तोंडावर आला की परतायची. तुळशीला आणि गोमाला गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मोखाड्याजवळ एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं आणि तिथं अशा मुलींना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ते लोक कमूला ठेवून घ्यायला तयार होते, पण मुलगी शिकू शकणारी पाहिजे, ही त्यांची अट होती. कागदावर नुसतं 'स्वमग्न' आलं तर आणा, 'तीव्र मतिमंद' आलं तर सांभाळायला आमच्याकडे माणसं नाहीत, असं त्यांनी गोकुळ सरांना साफ सांगितलं होतं.

वसतिगृह नाही तर भट्टी. म्हणजे गेल्या सालासारखं पुन्हा.

गेल्या सालचं तुळशी कोणापाशी बोलली नव्हती. भट्टीवर तिचा आणि गोमाचा दिवस उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. तो चिखल तुडवायचा, ती साच्यात भरून विटा पाडायची. पोरीकडे बघायला तिसरं माणूस नव्हतं. कमूला आगीची भीती नव्हती. धुमसणाऱ्या भट्टीपाशी ऊब असते, तिकडे ती सारखी जायची. एकदा तर मागे येणाऱ्या ट्रकच्या चाकाशी जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं म्हणून वाचली. त्या दिवसापासून गोमा तिला झोपडीच्या खांबाला बांधू लागला. सकाळी बांधायचा, जेवायला सोडायचा, पुन्हा बांधायचा. बांधताना तो पोरीकडे बघत नसे आणि तुळशी त्याच्याकडे बघत नसे. नवरा-बायकोत त्यावरून चकार शब्द झाला नाही. बोलून करायचं काय होतं? दुसरा उपाय दोघांपाशीही नव्हता.

पावसाळ्यात गोकुळ सरांनी पाड्यावर आईबापांना जमवून समजावलं होतं. अशा मुलांना बांधून ठेवणं गुन्हा आहे, कोणी असं केल्याचं कळलं तर मूल काढून सरकारी घरात ठेवतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुळशीनं जरा जास्तच डोलावली.

"कमू गोमा हिलम," माइकवाला ओरडला, त्याआधी शिट्टी झालीच. कमूचा हुंकार चढला. तुळशीनं तिला दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ पळवतच वर्गात नेलं. दार लागलं, बाहेरचा आवाज कमी झाला, हुंकार हळूहळू विरला. तुळशीनं देवाचं नाव घेतलं.

आत गोकुळ सर आधीच उभे होते. टेबलामागे तपासणीच्या बाई. ठाण्याकडून आलेल्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, डबा कोपऱ्यात न उघडलेला. सकाळपासून माणसं तपासून त्यांचा आवाज बसला होता, तरी कमूकडे बघून त्या हसल्या. कमूनं अर्थातच त्यांच्याकडे बघितलं नाही.

"आई, तुम्ही इथं मागे बसा," बाई म्हणाल्या. "मध्ये बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत. तुम्ही सांगितलंत तर ते तिचं राहणार नाही, तुमचं होईल. कळलं ना?"

"कळला," तुळशी म्हणाली आणि ओठ मिटून बसली.

कमू खुर्चीत बसली. तिनं आपणहून हात मांडीत घेतले, ओढणी ओढली. तुळशीचा ऊर अभिमानानं भरून आला. बघू दे बाईला, म्हटलं, आमच्या पोरांनाही वळण असतं.

बाईंनी टेबलावर एक लाकडी पाटी ठेवली. पाटीत नाना आकारांच्या खाचा होत्या, गोल, चौकोनी, चांदणीसारख्या. त्या खाचांत बसणारे तुकडे त्यांनी शेजारी रचले. "कमू, हे सगळे तुकडे आपापल्या जागी बसव बघू. भराभर हं." आणि हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं.

कमू बसून राहिली. घड्याळ टिकटिकत होतं.

"बसव ना. असं." बाईंनी एक तुकडा बसवून दाखवला आणि पुन्हा काढला. कमू हलली नाही. मग बाईंनी तो तुकडा तिच्या पुढ्यात सरकवला आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "घे. घे ना. तुझ्यासाठीच आहे."

तो शब्द तुळशीनं ऐकला. अभिमान कुठच्या कुठे गेला.

मोखाड्याच्या बाजारात मागे एकदा कमूनं एका दुकानाच्या फळीवर मांडलेल्या साबणाच्या वड्या एकीवर एक रचायला घेतल्या होत्या. दुकानदारानं गंमत म्हणून "घे, घे" केलं, तिनं एक उचलली, आणि त्यानं मनगट धरून "चोर" म्हणून अख्खा बाजार गोळा केला. तुळशीच्या लोकांना हे नवं नव्हतं. त्यांच्यातल्या कोणी नुसता हात पुढे केला तरी दुकानदाराची नजर तिकडे वळते. त्यांच्यात पोरं चालायला लागली की आधी हेच शिकतात, लोकांच्या वस्तूला हात लावायचा नाही, त्यांनी घे म्हटलं तरी नाही. शहाणी पोरं एका धपाट्यात शिकतात. कमूला शिकवायला तुळशीनं शिबिराच्या आधी शेजारणीकडून ताटल्या-वाट्या मागून आणल्या, तिच्यापुढे मांडल्या आणि स्वतःच म्हणत राहिली, "घे, बाय. घे ना." कमूनं हात पुढे केला की बोटांवर चापट. पुन्हा "घे," पुन्हा चापट. असं करता करता एक दिवस कमूचा हात यायचा थांबला. त्या दिवशी तुळशीनं तिला गुळाचा खडा दिला होता.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती, अशी तिची गत झाली होती.

आता ती नीट बघू लागली. बाईंची नजर घड्याळावर होती, सरांची बाईंवर. कमूच्या डोळ्यांकडे बघणारी तीच एकटी होती. कमूचे डोळे एका तुकड्यावर जात, मग पाटीवरच्या एका खाचेवर, मग दुसऱ्या तुकड्यावर, मग दुसऱ्या खाचेवर. आणि दर वेळी ओढणीखाली बोटं हलत होती. ती चिमटीत काहीतरी धरत होती, वळवत होती, सोडत होती. पोरीनं सगळी पाटी मांडीतल्या मांडीत भरून टाकली होती, आणि बाईंनी "बरं, राहू दे," म्हणून पाटी उचलली.

मग रंगीत ठोकळे आले. मग चित्रं आली. एकासारखं दुसरं कुठलं, दाखव बोटानं. दर वेळी बाई "घे" म्हणायच्या, "लाव" म्हणायच्या, "दाखव" म्हणायच्या, आणि दर वेळी कमू हात आणखी आत घ्यायची. बोलू नका असं बाईंनी बजावलं होतं. बोललं तर पोरीचं जाईल आणि आपलं होईल. न बोललं तर सगळंच जाईल. ती पदराचं टोक पिळत बसली. ठोकळे परत डब्यात जाऊ लागले तसा तिला धीर निघेना.

"हात लाव, बाय," ती एकदम म्हणाली. "लाव. आज लावायचा."

"आई," बाई म्हणाल्या.

कमूनं मान वळवून आईकडे बघितलं, म्हणजे आईच्या हनुवटीकडे. शिकवणीत हेच तर व्हायचं. आई म्हणायची घे, आणि हात पुढे केला की चापट बसायची. तिनं हात काखेत घट्ट दाबून घेतले आणि डोळे मिटले. तुळशीला वाटलं, धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं.

बाईंनी ठोकळ्यांच्या डब्याला झाकण लावलं. रागावल्या नाहीत. कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन त्यांनी कागद पुढे ओढला. "आता तुम्हाला विचारते, आई. खरं खरं सांगा. चमच्यानं जेवते का?"

"नाय," तुळशी म्हणाली. घरात चमचा एकच होता, तो मिठाच्या डब्यात.

"कात्रीनं कापते?"

"नाय."

"एकटी बस पकडून कुठे जाते?"

"नाय."

"सांगितलेलं काम लक्षात ठेवून करते?"

तुळशी घुटमळली. कमूला कोणी काम सांगितलंच नव्हतं. "नाय," ती म्हणाली, कारण खरं खरं सांगा म्हटलं होतं. एकेका नकाराला बाईंचं पेन हलत होतं. पाड्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही पोरीचं उत्तर याहून फारसं वेगळं आलं नसतं, पण हे तुळशीच्या ध्यानात आलं नाही.

"मॅडम, एक सांगू का?" गोकुळ सर पुढे झाले. "मी दोन वर्षं बघतोय हिला. हिला समजतं. वसतिगृहात जागा मिळतेय, त्यांचं सगळं या कागदावर अडलंय."

"सर, मलाही लिहायला आवडेल," बाई म्हणाल्या. "पण जे दिसलं तेच लिहिता येतं मला. एकाही तुकड्याला तिनं हात लावला नाही. असं असताना शिकू शकते लिहू तर कशाच्या जोरावर लिहू? उद्या कोणी विचारलं तर काय दाखवू?"

"हात मीच लावू नको बोलली होती," तुळशी म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघू लागले. तिनं सांगितलं. बाजारातलं सांगितलं, ताटल्या-वाट्यांचं सांगितलं, चापटीचं आणि गुळाचंही सांगितलं. बोलताना ती बाईंना तू म्हणत होती, कारण तिच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात. बाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं खरं. मग त्यांनी पाटीकडे बघितलं, दाराबाहेरच्या गर्दीचा आवाज ऐकला आणि मान हलवली.

"हे खरं असेल. पण तिचा हा नियम आज सुटणार नाही, तुम्हीच बघितलंत. आणि हीच परीक्षा सहा महिने तरी परत घेता येत नाही."

"सा महिनं ती भट्टीवर असल," तुळशी म्हणाली.

बाईंचं पेन कागदावर टेकलं. तुळशीला वाचता येत नव्हतं, पण पेन कुठल्या दिशेनं निघालंय हे कळायला वाचता यावं लागत नाही. एक गोष्ट तिला ठाऊक होती. ती सांगितली तर पोरीचं डोकं कळेल, आणि तीच सांगितली तर पोरगी हातची जाईल. सरांनीच सांगितलं होतं, मूल काढून नेतात. ती सरांकडे बघत राहिली. सर खाली बघत होते.

"ती गाठी सोडते," तुळशी म्हणाली.

"कसल्या गाठी?"

"आम्ही बांधताव ना तिला. भट्टीवर. त्या."

गोकुळ सरांनी मान वर केली. "तुळशीताई," ते हळूच म्हणाले. थांबा म्हणत होते की बोला म्हणत होते, ते कळलं नाही, आणि आता थांबून उपयोगही नव्हता.

"बाप पयले साधी गाठ मारी. ती हिनं सोडली. मंग दोन मारल्या, त्या पण सोडल्या. मंग तो ड्रायवरकडून शिकला, ट्रकची ताडपत्री आवळायची गाठ. ओढली का आणखी आवळते. ती मारली तवा ही रडली नाय, ओढली पण नाय. अख्खा दिवस नुसती गाठीकडं बघत बसली. दुसऱ्या रोजी मी पाणी द्यायला गेली, तर दोरी खांबाला आन् पोर ट्रककडं. तवापासून तो रोज नवी गाठ हुडकी, आन् ही रोज ती सोडी." तुळशीनं हनुवटीनं कमूकडे दाखवलं. "येड्या माणसाला येल का असा?"

बाईंचा हात कागदावर तसाच होता. "आई, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना?" त्या म्हणाल्या. "मला हे कळवावं लागू शकतं."

"कळव. पण खोटा नाय लिवू."

"खोटं नाही लिहीत मी. पण ऐकलेलं लिहिता येत नाही. मी बघितलेलं नाही."

"मंग बघ."

तुळशी उठली. लुगड्याचा काठ दातांनी तोडून तिनं एक लांब पट्टी टरकन फाडली. आवाज झाला तशी कमूनं डोळे उघडले. तुळशी तिच्यापुढे उकिडवी बसली, ओढणीखालून तिचा डावा हात बाहेर काढला आणि मनगटाला पट्टीचे वेढे घेऊन ट्रकवाल्याची गाठ मारली. भट्टीवर अख्खा हंगाम तिनं गोमाच्या तोंडाकडे न बघता त्याचे हातच बघितले होते, हात आपसूक चालले. टेबलाला बांधायची सोय नव्हती, ते लोकांचं. पट्टीचं दुसरं टोक तिनं आपल्याच मनगटाला गुंडाळलं आणि दात नि एक हात लावून आवळलं.

"हे काय करताय? सोडा तिला," बाई उभ्या राहिल्या होत्या.

"तुळशीताई, नको," सर म्हणाले.

"मी नाय सोडायची. तीच सोडल."

पण तिला तरी खात्री कुठे होती? कमू नुसती बसून होती. बांधताना तिनं हात खेचला नव्हता. सवयीच्या जनावरासारखा तो सैल सोडला होता, आणि ते या परक्या माणसांपुढे उघडं पडलं याची तुळशीला शरम वाटत होती. हिला ही पट्टीसुद्धा लोकांची वाटली तर? आपण दोघी अशाच बांधलेल्या बसून राहिलो तर? मग बाई काय लिहील आणि कोणाला बोलावील? पट्टीच्या या टोकाला तिची नाडी उडत होती, आणि त्या टोकाला कमूचा हात गार पडला होता.

कमूची नजर गाठीवर येऊन थांबली. सकाळपासून भिंतीवरून, पंख्यावरून, पाटीवरून भिरभिरणारी नजर एका जागी ठरली. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवा हात ओढणीखालून बाहेर आला.

तिनं टोकं धरली नाहीत. अंगठ्यानं ती गाठीच्या पोटाशी दाबू लागली, जरा इकडून, जरा तिकडून. वेढा आत ढकलला. थांबली. पुन्हा ढकलला. मधला फासा बोटाच्या पेराएवढा सैल झाला तशी त्यात करंगळी घातली, वेढा उलटा वळवला, आणि सगळी गाठ एकाएकी पोकळ होऊन तिच्या मांडीवर पडली. बाई घड्याळ हातात घेऊन उभ्या होत्या, पण बटण दाबायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तुळशीला वाटलं, झालं. पण कमू थांबली नाही. तिनं पट्टी धरून आईचं मनगट आपल्याकडे ओढलं आणि तिथली गाठही सोडवायला घेतली. ही साधीच होती, एका हातानं मारलेली. ती सुटली तशी कमूनं पट्टीची घडी घातली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

गोकुळ सरांनी तोंड फिरवून रुमाल काढला. बाई खुर्चीत बसल्या.

"सर, मी 'बुद्धी कमी आहे' असं लिहीत नाहीये," त्या म्हणाल्या. "आज मोजता आली नाही, असं लिहिते. समजून घेते, अडचण सोडवते, शिकू शकते. वसतिगृहात ठेवावं, सहा महिन्यांनी परत तपासावं. एवढं चालेल त्यांना?"

"चालेल," सर म्हणाले. "मी स्वतः नेऊन देतो."

"आणि आई," बाई तुळशीकडे वळल्या. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, कदाचित कळवण्याबद्दलचंच. पण त्यांचं लक्ष कमूकडे गेलं आणि शब्द राहिले. "आता काय हवंय तिला?"

कमूनं उजवा हात आईपुढे केला होता. मूठ सैल, मनगट वर.

तुळशीला ते लगेच कळलं. बाईंना आणि सरांना कळायला क्षणभर लागला. भट्टीवर एक गाठ सुटली की गोमा येऊन दुसऱ्या हाताला दुसरी मारायचा. तेही ती शिकली होती.

"नाय, बाय," तुळशी म्हणाली. "आता नाय. आता नाय बांधायचा."

बाईंचं पेन कागदावर चालू लागलं. सरांनी दाराबाहेर जाऊन माइकवाल्याला जरा थांबायला सांगितलं. तुळशीनं पट्टी कमरेला खोचली आणि तो पुढे आलेला हात धरून पुन्हा मांडीत ठेवला. कमूनं तो ठेवू दिला, आणि तुळशीनं सोडल्याबरोबर परत पुढे केला. कसलीही घाई न करता ती गाठ बसायची वाट बघत राहिली.